टेबल शोधणारीला उत्तर: भिंतीवरचे कप्पे पुन्हा पुन्हा का भरतात

पत्र

ताई, आमच्या घरात कागद राहतात आणि आम्ही त्यांच्याकडे भाड्याने राहतो असं वाटायला लागलंय. मी अर्धा आठवडा घरून काम करते, नवऱ्याच्याही फाइली घरी येतात, मुलं दोन, दोघंही शाळेत. चार महिन्यांपूर्वी भिंतीवर लावायचा सहा कप्प्यांचा फाइल होल्डर आणला, दाराशेजारी लावला, पहिला आठवडा इतकं भारी वाटलं की फोटो काढून बहिणीला पाठवला. आता सहाही कप्पे कोंबून भरलेत, टेबल होतं तसंच आहे, आणि मागच्या आठवड्यात रात्री धाडकन आवाज आला, जाऊन बघते तर होल्डर जमिनीवर आणि सोबत भिंतीचा तळहाताएवढा पोपडा. नवरा म्हणतो सोड हे, सगळं स्कॅन करून टाकू. मी मात्र हट्टाने दहा कप्प्यांचा मोठा लोखंडी होल्डर मागवलाय, तो आलाय पण अजून खोक्यातच आहे. आमच्या पाच जणांच्या ऑफिसातही असाच एक लावावा म्हणतेय. माझं काही चुकतंय का?
— टेबल शोधणारी

उत्तर

अगं, ते खोकं आहे तसंच ठेव, उघडू नकोस. (ताई म्हणालीस म्हणून थेट अगं-तुगंवर आले, चालेल ना.) दहा कप्पे लावलेस तर सहाऐवजी दहा भरतील आणि पुढचा पोपडा मोठा पडेल, बाकी काही बदलणार नाही.

आधी मला सांग, होल्डर पडला तेव्हा जो ढीग खाली आला त्याचं तू काय केलंस? उचलून टेबलावर ठेवलास, हो ना? मग आता एक काम कर, तो ढीग घेऊन जमिनीवर बस आणि एकेक कागद हातात घेऊन एवढंच विचार की याचं पुढे काय व्हायचंय. भरायचाय, सही करून परत द्यायचाय, कोणाला दाखवायचाय, असं काहीतरी उत्तर आलं तर एका बाजूला ठेव. "काही नाही, असू दे, लागला तर" असं उत्तर आलं तर दुसऱ्या बाजूला. मी हे माझ्या घरी केलं तेव्हा दुसरी बाजू गुडघ्यापर्यंत आली होती आणि पहिल्या बाजूला मोजून अकरा कागद होते, अकरा! बाकी म्हणजे एका इस्त्रीचं माहितीपत्रक, जी इस्त्री आम्ही कधीच देऊन टाकली होती, संपून गेलेल्या प्रदर्शनांची पत्रकं, एकाच पत्राच्या तीन झेरॉक्स, आणि रिकामे लिफाफे. रिकामे लिफाफे आपण का जपतो हे मला आजतागायत कळलेलं नाही.

भिंत त्या अकरा कागदांसाठी असते. भिंतीवरचा कप्पा म्हणजे बसस्टॉपवरची रांग समज, कागद येतो, थांबतो, गाडी आली की निघतो. ज्याला कुठे जायचंच नाहीये त्याला रांगेत उभं केलं की मागचे सगळे अडकतात आणि मग ते तुझ्या टेबलावर येऊन बसतात. साठवायचं ते कपाटात, बॉक्स फाइलमध्ये, डोळ्यांआड. आणि मूळ कागद तर भिंतीवर अजिबात नकोत, पासपोर्ट, घराचे कागद, जन्माचे दाखले, मार्कशीट, हे असलं काही उघड्या कप्प्यात ठेवायचं नसतं, एक तर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेसमोर, दुसरं म्हणजे एखादी पाण्याची पाइप गळली, ओल आली की गेलं सगळं. पासपोर्ट रिन्यू करायचाय ना, मग पासपोर्ट कपाटात कुलपात ठेव आणि "पासपोर्ट, अमुक तारखेच्या आत" अशी चिठ्ठी भिंतीवर ठेव. आठवण करून द्यायचं काम कप्प्याचं, सांभाळायचं काम कपाटाचं.

आता कप्प्यांवर काय लिहायचं. इथेच बहुतेक जण गडबडतात, मीही गडबडले होते. माझा अंदाज, तू लिहिलं असशील बिलं, शाळा, बँक, ऑफिस, औषधं, आणि सहावा "इतर". बरोबर ना? तो "इतर" सगळ्यात आधी काढून टाक, त्या कप्प्यात गेलेला कागद परत आलेला मी तरी बघितलेला नाही. पण बाकीच्या पाचांचंही खरं नाही. "बँक" असं लिहिलं की बँकेचा कुठलाही कागद तिथे राहायला येतो, त्याला जायला कोणी सांगितलेलंच नसतं. त्यापेक्षा काम लिही. "भरायचं". "सही करायची". "परत द्यायचं". "वाट बघतोय". बघ कसं वाटतं, "बँक" वाचून हात काहीच करत नाही, "सही करायची" वाचलं की हात पेन शोधायला लागतो. (पेनवरून आठवलं, त्या कप्प्यालाच दोऱ्याने एक पेन बांधून टाक, दिसायला भिकार दिसतं पण घरातलं एकमेव सापडणारं पेन तेच असतं.)

यातला "वाट बघतोय" हा कप्पा सगळ्यात कामाचा, आणि तो कोणाच्याच घरी नसतो. आपण आपल्या बाजूने काम केलेलं असतं आणि चेंडू दुसऱ्याच्या कोर्टात असतो, म्हणजे तक्रार दिल्याची पोच, परत पाठवलेल्या पार्सलची पावती, दुरुस्तीला दिलेल्या घड्याळाची चिठ्ठी, असे कागद. हे ना फेकता येतात ना फाइलला लावता येतात, म्हणून ते पर्समध्ये, गाडीत, उशीखाली, कुठेही फिरत असतात. हे सगळे या कप्प्यात, आणि टाकताना कोपऱ्यात पेन्सिलने त्या दिवसाची तारीख. महिनाभराने तारीख बघितलीस की लगेच कळतं फोन कोणाला करायचाय.

चार कप्पे पुरतात. पाचवा असला तर मुद्दाम रिकामा ठेव, घरात पाहुण्यासारखं काहीतरी येतंच, लग्नाची धावपळ, घराचं रंगकाम, कोणाचं हॉस्पिटल, तेवढ्यापुरता तो त्या कामाला द्यायचा आणि काम झालं की परत रिकामा. आणि आठवड्यातून एक ठरावीक वेळ, दहा मिनिटं, उभ्या उभ्या, सगळे कप्पे हातात काढून बघायचे. उभ्यानेच, बसलीस की जुनी पत्रं वाचत बसशील.

मुलांचं वेगळं. त्यांना क्रियापदं वगैरे लावू नकोस, प्रत्येकाला नावाचा एकेक कप्पा दे आणि तो त्यांच्या खांद्याच्या उंचीवर लाव, तुझ्या नाही. शाळेतून आल्यावर दप्तरातलं सहीचं जे काय असेल ते त्यांनी तिथे टाकायचं, रात्री तू बघायचं, सकाळी त्यांनीच काढून न्यायचं. पहिले पंधरा दिवस बोंबलावं लागेल, मग सवय होते, किंवा एकाला होते आणि दुसऱ्याला होत नाही, आमच्याकडे तसंच झालं. खालच्या उंचीवर लावशील तो कापडाचा किंवा गोल कडांचा प्लास्टिकचा घे, पत्र्याच्या जाळीची कड नेमकी मुलांच्या डोळ्यांच्या रेषेत येते.

आता तो पोपडा.

तुझा होल्डर का पडला याचं साधं गणित सांगते. ए-फोर कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा असतो, असे सोळा कागद मिळून एक चौरस मीटर होतो, आणि आपण वापरतो तो कागद बहुतेक वेळा ८० जीएसएमचा, म्हणजे एका चौरस मीटरला ८० ग्रॅम. म्हणजे एक कागद ५ ग्रॅम. काहीच नाही वाटत, पण ५०० कागदांचं रीम अडीच किलोचं भरतं ते यामुळेच. दोन सेंटीमीटर जाडीचा गठ्ठा म्हणजे साधारण २०० कागद, एक किलो. तू सहा कप्पे कोंबलेस म्हणतेस, प्रत्येकात दोनच सेंटीमीटर धरले तरी सहा किलो झाले, वर होल्डरचं स्वतःचं वजन, आणि त्यात गुळगुळीत कागदाची मासिकं असतील तर ती आणखी जड. शिवाय हे वजन भिंतीला चिकटून सरळ खाली लोंबत नाही, कप्पा पुढे आलेला असतो म्हणून ते वरच्या स्क्रूला भिंतीतून बाहेर ओढत राहतं. कप्पा जितका खोल तितकी ओढ जास्त. म्हणून मला हे खोल कप्पे मुळातच आवडत नाहीत, जागा दिसली की आपण भरतो, उथळ कप्पा असला की तोच सांगतो बाई आता पुरे.

आणि स्क्रू कशात बसला होता? पोपडा तळहाताएवढा निघाला म्हणजे माझी जवळजवळ खात्री आहे की तो नुसता प्लास्टरमध्ये होता. भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करून बघ, जिथे पोकळ आवाज येतो तिथे प्लास्टर विटेपासून सुटलेलं असतं, तिथे काहीच लावायचं नाही. भरीव आवाज येतो तिथे ड्रिलला ६ मिलिमीटरचं काँक्रीटसाठीचं बिट लावून भोक पाडायचं, प्लास्टर ओलांडून आत विटेपर्यंत किंवा काँक्रीटपर्यंत, म्हणजे ६ मिलिमीटरचा प्लास्टिकचा प्लग अख्खा आत जाऊन वर थोडी जागा उरेल इतकं खोल. किती खोल गेलो ते कळायला बिटवर तेवढ्या मापावर रंगीत टेप गुंडाळून ठेव. मग भोकातली भुकटी काढ, हे कोणीच करत नाही, भुकटीत बसवलेला प्लग फिरत राहतो आणि आपण म्हणतो भिंत खराब आहे. प्लग भिंतीच्या बरोबरीने आत बसला पाहिजे, हातोडीने हलकेच ठोकून, बाहेर डोकावत असेल तर भोक कमी पडलंय. जुन्याच भोकात काड्या कोंबून परत स्क्रू पिळायच्या भानगडीत पडू नकोस, ते लांबी (पुट्टी) भरून बंद कर आणि दोन-तीन इंच बाजूला सरक. भिंत जिप्सम बोर्डची असेल तर हे प्लग चालत नाहीत, आतल्या पत्र्याच्या किंवा लाकडाच्या पट्टीत स्क्रू घ्यावा लागतो, नाहीतर बोर्डाच्या मागे उघडणारे वेगळे अँकर मिळतात ते.

एक महत्त्वाचं, स्विचबोर्डच्या सरळ वर, सरळ खाली किंवा आडव्या रेषेत भोक पाडू नकोस, वायरी बहुतेक तिथूनच गेलेल्या असतात. दाराशेजारी म्हणालीस म्हणून मुद्दाम सांगतेय, दाराशेजारीच स्विच असतात. आणि बाथरूमच्या मागची भिंत टाळ.

चिकटपट्टीवाले होल्डर? हलक्यासाठी ठीक आहेत, तेही टाइल, काच, गुळगुळीत ऑइलपेंट किंवा कपाटाच्या सनमायकावर. पावडर सुटणाऱ्या रंगावर ते रंगाला चिकटतात, भिंतीला नाही, आणि रंग घेऊन खाली येतात. लावायच्या आधी जागा स्पिरिटने पुसून कोरडी करायची, ओल्या फडक्याने नाही, आणि पाकिटावर जे वजन लिहिलंय त्याच्या निम्मंच धर, कारण ते म्हटलं तसं, कप्पा पुढे ओढतो. भाड्याचं घर असेल आणि भोकं पाडायची नसतील तर लाकडी दाराच्या वरच्या कडेला हुकाने अडकवायचे होल्डर येतात, फक्त दार जोरात आपटायची सवय असलेलं कोणी घरात असेल तर दर वेळी कागदांचा पाऊस.

माप बघून घे. कागद २१ सेंटीमीटर रुंद म्हणून २१ चा कप्पा चालत नाही, कागद फाइलमध्ये असतो आणि फाइल त्याहून मोठी, आतून २४-२५ तरी हवा. आणि सुटे कागद उभे ठेवलेस की चार दिवसांत मान टाकतात, वरचा भाग पुढे वाकतो आणि लेबल झाकून टाकतो. दोन बाजू उघड्या असलेले पारदर्शक एल फोल्डर असतात ना, प्रत्येक कप्प्यात एकेक टाकून ठेव, सुटे कागद त्यात, आणि उचलून न्यायचं असेल तर फोल्डरच उचलता येतो.

जागेबद्दल माझी फजिती सांगते. माझा पहिला होल्डर खिडकीशेजारच्या भिंतीवर होता, पारदर्शक, दुपारचं ऊन थेट त्यावर, दिसायचा मस्त. वॉशिंग मशीन बंद पडलं, वॉरंटीत होतं, मी मोठ्या तोऱ्यात कप्प्यातून बिल काढलं तर पांढरा कागद. कोरा. नुसता वरती दुकानाचा छापील शिक्का आणि खाली माझ्याच हातची "जपून ठेवणे" अशी निळ्या पेनची अक्षरं. ही गुळगुळीत बिलं थर्मल कागदाची असतात, शाई नसतेच त्यावर, उष्णतेने रंग बदलणारा थर असतो, आणि ऊन, उष्णता, काही मऊ प्लास्टिकची पाकिटं यांनी तो छाप उडतो किंवा उलट अख्खा कागद काळपट होतो. दुकानदाराने ऐकून घेतलं नाही, मीही फार भांडले नाही, कोऱ्या कागदावर काय भांडणार. तेव्हापासून असलं बिल हातात आलं की दारातच फोटो आणि महत्त्वाचं असेल तर झेरॉक्स, मग कपाटात. होल्डर उन्हात नाही, आणि तुझी दाराशेजारची जागा मात्र उत्तम आहे, ती सोडू नकोस, कागद दारातूनच येतात आणि दारातूनच जातात. सगळ्यात वरच्या कप्प्याचं तोंड तुझ्या डोळ्यांच्या पातळीपेक्षा वर जाता कामा नये, आत काय आहे ते दिसलं नाही की तो कप्पा मेलाच समज.

नवऱ्याचं स्कॅनिंगचं म्हणणं अर्धं बरोबर आहे हं, त्याला सांग. ते दुसऱ्या बाजूचे कागद, "असू दे" वाले, त्यातले पुष्कळ स्कॅन करून रद्दीत देता येतील, आणि त्याला हौस आहे तर त्यालाच करू दे. पण सही करायचा फॉर्म स्कॅन करून फोनमध्ये गेला की तो फोनमध्येच राहतो, भिंतीवरून तो रोज डोळे वटारतो. पत्ता, अकाउंट नंबर असलेले कागद रद्दीत देताना फाडून दे एवढंच.

ऑफिससाठी मात्र हेच उचलून तिकडे लावू नकोस. घरी कागद कोणाचा हे सगळ्यांना माहीत असतं, ऑफिसात पहिला प्रश्न तोच. तिथे माणसागणिक एक कप्पा, त्या माणसाच्या टेबलाशेजारी, "तुझ्याकडे आलेलं" या अर्थाने, म्हणजे तो जागेवर नसला तरी कीबोर्डवर कागद ठेवून जायची पद्धत बंद होते. आणि एकच सामाईक कप्पा, बाहेर जाणाऱ्या कागदांचा, दारापाशी. सामाईक फाइली भिंतीवर ठेवणार असशील तर जाड पुठ्ठ्याची रंगीत कार्डं कापून ठेव, फाइल काढली की तिच्या जागी कार्ड ठेवायचं, त्यावर नाव आणि तारीख. फार जुनी युक्ती आहे, रेकॉर्ड रूमवाले याला आउट कार्ड म्हणतात, आणि "अरे ती फाइल कोणाकडे आहे" ही दुपारची आरोळी यानेच थांबते. पगाराचे, कोणाच्या आजारपणाचे, ग्राहकांच्या खासगी माहितीचे कागद उघड्या कप्प्यात नकोत, आणि बाकीच्यांसाठीही पारदर्शकपेक्षा बंद पुढचा कप्पा बरा. पॅसेजमध्ये लावशील तर दोन माणसं समोरासमोर आली की एकाचा खांदा त्यावर घासेल का ते आधी चालून बघ, बाहेर पडायच्या वाटेवर तर नकोच.

राहिला तो दहा कप्प्यांचा. परत होत असेल तर करून टाक. नसेल होत तर कागदांसाठी तो लावू नकोस, स्वयंपाकघरात ओट्याखालच्या कपाटाच्या दाराच्या आतून लाव, झाकणं आणि कापायचे बोर्ड त्यात फार छान उभे राहतात, मी तसंच केलंय. फक्त स्क्रू पिळायच्या आधी होल्डर हाताने दारावर धरून दार मिटून बघ, आतल्या फळीला आपटतोय का ते. माझा आपटला होता, चार भोकं पाडून झाल्यावर कळलं.